वसंता, तुझा डावा कान

काल तुझ्या पुण्यानुमोदनाले मोठे साहेब आले होते. माईक हातात घेऊन म्हणाले, "वसंतराव म्हणजे तिखट कानाचा माणूस. असा कान आपल्या ऑफिसला पुन्हा मिळायचा नाही." लोकांनी माना डोलावल्या. तुझा भाऊ रडला. मी मागं सतरंजीवर बसलो होतो, मान खाली घालून. मले वाटलं, आता उठावं आणि सगळ्यांसमोर सांगावं, की साहेब, या माणसाचा डावा कान सात वर्षांपासून गेला होता आणि ते ऑफिसात फक्त मले माहीत होतं. पण उठलो नाही. मग भंते बोलायले लागले आणि मी तसाच बसून राहिलो.

आता हे लिहून काय होणार, ते मलेच कळून नाही राहिलं. सातवी पास ड्रायव्हर मी. जन्मभर लॉगबुकात गाडी कुठून निघाली आणि कुठं पोचली, एवढंच लिहिलं. पण सात वर्षं जी गोष्ट तुझ्या-माझ्या दोघांत होती ती आता मी एकटा घेऊन बसलो आहे, आणि ती मले पेलवत नाही. ऑफिसात मी तुले साहेब म्हणायचो, कारण तू ऑपरेटर. जीप भंडाऱ्याच्या बाहेर पडली की तू वसंता आणि मी दामूभाऊ. आत्ता जीप बाहेर पडली आहे असं समज.

तू आला तेव्हा पंचविशीचा होता, नुकतं लग्न झालेला, शर्टाचं वरचं बटणही लावणारा. मी तुझ्याहून बारा वर्षांनी मोठा. मनात म्हटलं, हा पोट्टा जंगलात दोन दिवस टिकला तरी खूप. आपलं काम असं, की लोकांले सांगितलं तर पटायचं नाही. कोणीतरी कुठंतरी बिनपरवान्याचा वायरलेस लावते, त्याची शिट्टी पोलिसांच्या नाहीतर पुराच्या वायरलेसवर येते, आणि आपण जीप घेऊन त्याले हुडकत फिरायचं. टपावर ते मोठं कडं. आत तुझ्या डोक्याशी चाक, ते फिरवलं की वरचं कडं फिरायचं. मी आडरस्त्याले गाडी लावायचो आणि इंजिन बंद करायचो, कारण इंजिनाची खरखर तुझ्या कानात जायची. तू हेडफोन लावून डोळे मिटायचा. चाक हळूहळू फिरवत गेलं की एका जागी शिट्टी बारीक होत होत मरायची. ती मेली की काट्याची दिशा बघायची आणि नकाशावर रेघ मारायची. तो बिनपरवान्याचा सेट त्या रेघेवर असायचा, पण पुढं की मागं ते कळायचं नाही. म्हणून दहा-बारा मैल जाऊन दुसरी रेघ, मग तिसरी. तिन्ही जिथं भेटतील तिथं जाऊन दार वाजवायचं.

पहिल्या साली तर लोकं आपली जीप पाहून पळायची. नसबंदीचे दिवस होते. पवनीकडं एका गावात आपण शिरलो आणि बघता बघता धानाच्या बांध्या रिकाम्या झाल्या, रोपांचा रोवणा तसाच टाकून माणसं जंगलात. एक म्हातारी तेवढी राहिली. ती म्हणाली, "माह्या बुढ्याले आता काय करता बापा, तो सत्तरीचा आहे."

तू खाली उतरून हात जोडले. "आजी, आम्ही ते नोहो. आम्ही आवाज शोधून राहिलो."

"कोणाचा आवाज?"

"तेच तर माहीत नाई."

"मंग भेटला तर काय करता?"

"बंद करतो."

म्हातारीनं जरा विचार केला आणि म्हणाली, "मंग माह्या बुढ्याचा करून द्या. दिवसभर बोलून राहते." तू इतका हसला की तुझा चष्मा चिखलात पडला. त्या दिवसापासून मी तुले वसंता म्हणायले लागलो.

खरं सांगतो, तेव्हा तुझा कान खरंच तिखट होता. मोठे साहेब त्या कानाबद्दल बोलले असतील तर खोटं नाही बोलले. तिरोड्याकडं तेंदूपत्त्याच्या ठेकेदारानं जंगलात सेट लपवला होता, तो तू दोन रेघांत पकडला. आपलं भांडण व्हायचं ते वेगळ्याच गोष्टीवरून. विजेच्या तारांखाली गाडी लावली की रेघ वाकडी येते, हे तू मले शिकवलं आणि मग स्वतःच विसरायचा. मी म्हणायचो, अजून अर्धा मैल पुढं जाऊ. तू म्हणायचा, "गाडी तुमची, कान माझा." मी चिडून डबा उघडायचो. तुझ्या डब्यातली सुकट आणि माझ्या डब्यातलं वांगं एका ताटात यायचं, मग भांडण संपायचं.

मग ते पावसाळ्याचं साल आलं. वैनगंगा चढून राहिली होती. वरच्या गावाहून पाण्याची उंची वायरलेसवर यायची, ती भंडाऱ्याले पोचली की खालच्या गावांले सांगायचं. आणि नेमकी त्याच्यावरच शिट्टी बसली. आकडा निम्मा ऐकू यायचा, निम्मा बुडायचा. वरून हुकूम आला, सेट शोधा, आणि लवकर शोधा. तू तीन दिवस झोपला नाही. रेघा मारायचा आणि पुसायचा. मी विचारलं, "काय होऊन राहिलं बे?" तर तू माझ्यावर खेकसला. असा तू कधी खेकसत नव्हता.

शेवटी तिन्ही रेघा आसगावात भेटल्या. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याचं घर. दोन पोलीस संगं होते. आपण त्याच्या ओसरीवर गावाचे सगळे रेडिओ मांडले आणि एकेक उघडला. तू स्वतः पेचकस घेऊन बसला होता. काही निघालं नाही. म्हातारा तोंड फिरवून बसला. त्याची बायको मले म्हणाली, "साहेब, हे रेडिओ लोकांचे आहेत. लोकांले मी काय सांगू?" उघडलेले रेडिओ तसेच टाकून आपण निघालो, आणि मागून त्या बाईचं रडणं ऐकू आलं. मले आलं. तुले आलं की नाही, ते मी तेव्हा विचारलं नाही.

परत येताना कारध्याले वैनगंगेच्या काठावर गाडी लावली. दुपार होती, पाऊस थांबला होता. तू म्हणाला, पुन्हा ऐकतो. मी आपल्या सेटच्या बॅटरीच्या टोकांवर साचलेलं पांढरं घासायले वायर काढली, आणि तेवढ्यात पुलावरच्या पोलिसानं मले हाक मारली, पाणी किती चढलं ते सांगायले. मी गेलो, दोन बिड्या ओढल्या, परत आलो. तू डोळे मिटून चाक फिरवत होता. कपाळावर घाम होता.

"शिट्टी येऊन राहिली, दामूभाऊ. पण मरूनच नाई राहिली," तू म्हणाला.

मी पाहिलं तर आपल्या सेटचा दिवा बंद. वायर माझ्या हातानं काढलेली, तशीच लोंबत होती. सेट मेलेला होता, वसंता. त्यात कुत्र्याचं भुंकणंही आलं नसतं. मी वायर वर धरली आणि तुले दाखवली. तू वायरकडं पाहिलं, दिव्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हेडफोन काढला. आणि म्हणाला, "आता बी येऊन राहिली."

आधी उजवीकडून मी हाक मारली, तू वळला. मग डावीकडून मारली, तू नदीकडं बघत राहिला. शिट्टी तुझ्या कानातच होती. गेल्या होळीपासून, तू मग सांगितलं. तुले वाटलं होतं थंडीनं झालं असेल, जाईल. आणि तू माझा हात धरून जे बोलला ते मले अजून जसंच्या तसं ऐकू येते. "दामूभाऊ, कोणाले सांगू नका. ऑपरेटरचा कान गेला तर त्याले घरी बसवतात. तीन पोरी आहेत माह्या."

मी म्हणालो, "सांगतो कोणाले मी. भैताड आहे काय."

लई शहाणपणानं म्हणालो. मदत करून राहिलो असं वाटलं मले. त्याच संध्याकाळी मी तुझ्या शेजारी बसलो, हेडफोनचा एक कान तू लावला, एक मी. चाक तू फिरवलं. शिट्टी मेली की मी तुझ्या मांडीवर बोट टेकायचो. रेघा कारध्याच्या अलीकडच्या एका रेतीच्या ठेकेदाराच्या कोठीत भेटल्या. सेट तांदळाच्या पोत्यांमागं होता. शाबासकी तुले मिळाली. तू ती घेतली आणि रात्री माझ्या घरी येऊन रडला, की आसगावच्या म्हाताऱ्याची माफी मागायले जाऊ. जाऊ म्हणालो मी. आपण गेलो नाही. पुढच्या साली तो म्हातारा वारला.

मग आपली सवयच झाली. सात वर्षं हेडफोनचा एक कान माझा. मी शिकलो. विजेची खरखर कोणती, सेटची शिट्टी कोणती, पाऊस यायच्या आधी जी कडकड येते ती कोणती. तुझ्या उजव्या कानानं बरंच भागायचं, पण बारीक आवाज असला की तू माझ्याकडं बघायचा. मी डोळ्यानं सांगायचो. लोकांले वाटायचं ड्रायव्हरले शौक आहे.

आणि ते मेडिकल. अजून आठवलं की हसू येते. ऑफिसनं ज्यांच्याकडं पाठवलं ते डॉक्टर म्हातारे, सज्जन. तुले खुर्चीवर बसवलं, उजवा कान बोटानं बंद करायले सांगितला, आणि स्वतः मागं जाऊन हळू आवाजात आकडे बोलायले लागले. मी फॉर्म घेऊन तुझ्यासमोरच्या बाकावर. डॉक्टरांचे ओठ मले दिसायचे. मी मांडीवर बोटं दाखवायचो, तू आकडा बोलायचा. सगळं नीट चाललं होतं, तोवर डॉक्टर सेहेचाळीस म्हणाले. मी घाईत आधी सहा बोटं दाखवली, मग चार. तू छातीठोकपणे म्हणाला, "चौसष्ट." डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, पुन्हा ऐका. या खेपेस मी चार आधी दाखवले. डॉक्टरांनी खाली सही केली. कान उत्तम.

बाहेर येऊन आपण एसटी स्टँडजवळ तर्री-पोहे खाल्ले आणि मी तुले दिवसभर चौसष्टसाहेब म्हणत राहिलो. तू हसून हसून डोळे पुसले. आपल्याले वाटलं आपण सरकारले फसवलं. आपण कोणाले फसवलं ते तेव्हा कळलं असतं तर, वसंता, मी तिथंच बाकावर उभा राहून ओरडलो असतो की हा माणूस बहिरा आहे, याले तपासा. त्या खुर्चीत तुले अजून वाचवता आलं असतं. डॉक्टर तुझ्या कानापासून चार पावलांवर उभे होते.

मी तुले एकदाही म्हणालो नाही असं नाही. म्हणालो होतो. नागपूरले खासगीत दाखव, म्हणालो. तू म्हणाला, "कागद बनते, दामूभाऊ. कुठं ना कुठं कागद बनतेच. मंग तो कागद ऑफिसात येते." मी म्हणालो, नाव बदलून दाखव. तू म्हणाला, "बापानं एकदा सगळं बदललं ते ताठ मानेनं चालायसाठी. मी चोरासारखं नाव नाही बदलणार." त्यावर आपली जुंपली. कवलेवाड्याच्या फाट्यापासून भंडाऱ्यापर्यंत आपण एकमेकांशी बोललो नाही. उतरताना तू फक्त जयभीम म्हणाला, मी राम राम म्हणालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा हेडफोनचा एक कान माझा. ते भांडण तिथंच राहिलं. मी पुन्हा ते काढायले पाहिजे होतं. काहून नाही काढलं, ते आज सांगतो, तुले पटो न पटो.

मले ते आवडायले लागलं होतं. तुझा कान होणं मले आवडलं होतं. वीस वर्षं मी फक्त चाकं फिरवली होती. थांब म्हटलं की थांबायचं, चल म्हटलं की चालायचं. आणि आता माझ्या बोटाशिवाय रेघ पडत नव्हती. तू दवाखान्यात गेला असता, तुझी बदली झाली असती, दुसरा ऑपरेटर आला असता, आणि मी पुन्हा इंजिन बंद करून बिडी ओढत बसलो असतो. असा विचार मी डोक्यात स्पष्ट कधी केला नाही. पण होता तो. मी लबाड माणूस नाही रे, पण हे होतं.

मग तू धडपडायले लागला. जीपमधून उतरताना तोल जायचा. मी म्हणायचो, दारू प्यायले लागला काय, आणि तू हसायचा. हसताना तोंडाची डावी बाजू हलायची नाही. सकाळी उलट्या. तरी तू कामावर येत होता आणि मी तुले आणत होतो. एक दिवस भंडाऱ्याच्या भर बाजारात, पितळेच्या दुकानासमोर, तू खाली बसला आणि उठला नाही. डोकं धरून म्हणाला, "दामूभाऊ, कोणीतरी आतून ढकलून राहिलं." मी तुले त्याच जीपमध्ये घालून नागपूरले नेलं. त्या दिवशी गाडी मी जन्मात कधी चालवली नव्हती तशी चालवली. काय उपयोग झाला.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. वहिनी आत तुझ्याजवळ, तुझा भाऊ औषधं आणायले गेलेला, व्हरांड्यात मी एकटा. तो मलेच नातेवाईक समजला. म्हणाला, "कानाच्या नसेवर गाठ आहे. फार हळू वाढते ही. सुरुवातीला एका कानात शिट्टी येते, मग तो कान जातो. त्याच वेळी आले असते तर बरंच काही करता आलं असतं. आता मेंदूवर दाब आला आहे." मग विचारलं, "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी म्हणालो, "मी ड्रायव्हर आहे साहेब." तो मान हलवून निघून गेला.

ऑपरेशननंतरचे चार दिवस मी तुझ्या उजव्या बाजूले बसून होतो. नर्स म्हणायची, इकडे नका बसू, सलाईन आहे. मी तिले कसं सांगू, की डावीकडून बोलून फायदा नाही. मी तुझ्या उजव्या कानात बोलत होतो, सगळं बोललो. गाडीचे टायर बदलले ते सांगितलं. तुझ्या मोठीचा दहावीचा फॉर्म भरला ते सांगितलं. माफ कर म्हणालो. तू काही हलला नाही. माझं बोलणं पोचलं की नाही ते मले कधीच कळणार नाही, आणि याले काही इलाजही नाही. पाचव्या दिवशी सकाळी तू गेला.

तर काल. भाषणं झाली, लोकं जेवून गेली. मी सतरंज्या घडी करत होतो. वहिनी बाहेर आली आणि माझ्यासमोर खाली बसली. आठ दिवसांत ती कोणाशी बोलली नव्हती. हळूच म्हणाली, "भाऊजी, एक विचारू? डॉक्टर म्हणे कान लय आधी गेला होता. दोन वर्षांपासून हे मले ओ देत नोयते. मी म्हणायची, बायकोशी बोलायले जड होते तुमाले. भांडायची. एकदा तर ताट आपटलं. मले वाटे, माह्यावरचं मन उडालं यांचं. कान गेला आहे, हे माह्या ध्यानातच नाई आलं." मग वर पाहून म्हणाली, "तुमी तर दिवसभर यांच्या संगं राहत होता. तुमच्या तरी कधी ध्यानात आलं काय?"

वसंता, मी आठ दिवस याच प्रश्नाची वाट पाहत होतो. कोणीतरी विचारावं आणि मी सांगून टाकावं. उत्तर तयार होतं माझं. पण ती माझ्या तोंडाकडं अशी बघत होती, की मी म्हणालो, "नाई वहिनी. मले बी काईच माहीत नोयतं."

तिनं डोळे मिटले. मोठा श्वास सोडला. म्हणाली, "तुमच्या ध्यानात नाई आलं, तर मले कसं समजणार होतं. मी आपलं उगाच..." आणि पदर तोंडाले लावून रडली. पण ते रडणं मोकळं होतं.

आज सकाळी तुझी मोठी पोरगी माझ्या घरी डबा द्यायले आली. म्हणाली, "काका, आई काल पोटभर जेवली. झोपली बी." तिच्या हातातून डबा घेतला आणि दार लावून मी आत बसलो. आता मले खरं कधीच कोणाले सांगता येणार नाही, वसंता.